शेवटच्या आजारात पेशंटला घरी ठेवायचं असेल तर रात्रीची तयारी आधी करा

रात्रपाळी

डॉक्टरांनी ‘आता घरी न्या, आवडेल ते खाऊ द्या’ म्हटलं की घरचे पलंग, डायपर आणि बाई शोधायला लागतात. ते सगळं लागतंच. पण घरी आणलेल्या पेशंटला शेवटच्या आठवड्यात पुन्हा आयसीयूत हलवलं जातं, ते पलंग बरा नव्हता म्हणून नव्हे. रात्री दोनला दुखणं वाढतं आणि घरात पुढचा डोस नसतो. श्वासाची घरघर सुरू होते आणि ती कशाची हे कुणी सांगितलेलं नसतं. फोन कुणाला करायचा हेही ठरलेलं नसतं. मग अ‍ॅम्ब्युलन्स येते, कॅज्युअल्टीत घशात नळी पडते, आणि जे टाळायचं म्हणून घरी आणलं तेच होऊन बसतं. म्हणून या धाग्याची सुरुवात रात्रीपासून करते.

डिस्चार्ज घेण्याआधी वॉर्डातल्या डॉक्टरांकडून एक कागद मागून घ्या. डिस्चार्ज कार्डाव्यतिरिक्त, साध्या भाषेत लिहिलेला. त्यात हवं ते असं: दुखणं वाढलं तर कोणतं औषध, किती, किती वेळाने परत, दम लागला तर काय, उलटी, बेचैनी, झटका, रक्तस्राव यांपैकी या पेशंटला कशाची शक्यता आहे आणि तेव्हा काय करायचं, गिळणं बंद झालं की कोणत्या गोळ्या थांबवायच्या. हा शेवटचा मुद्दा नेहमी राहून जातो. कोलेस्टेरॉलची, हाडांची, व्हिटॅमिनची गोळी शेवटच्या दिवसापर्यंत कुटून नळीतून दिली जाते आणि दुखण्याची मात्र चुकते.

रात्रीचा डबा वेगळा ठेवा. त्यात जादा डोसची औषधं, २ मिलीच्या सिरिंज, २४ नंबरचा कॅन्युला किंवा बटरफ्लाय सुई, ग्लोव्हज, गॉज, टॉर्च, दोन गडद रंगाचे टॉवेल, वरचा कागद आणि फोन नंबर. गडद टॉवेल अशासाठी की तोंडाच्या, मानेच्या, स्तनाच्या उघड्या गाठीतून रक्त आलं तर पांढऱ्या चादरीवर थोडंसं रक्तही खूप दिसतं आणि पेशंट घाबरतो. रक्त आलं तर ओल्या गॉजने दहा मिनिटं न उचलता दाबून धरा. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर रक्त थांबवणाऱ्या ट्रॅनेक्सामिक अ‍ॅसिडची ५०० मिग्रॅची गोळी कुटून गॉजवर घेऊन लावता येते. माणूस पेशंटजवळून हलता कामा नये, फोन दुसऱ्याने करायचा.

पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे बरं करण्यापेक्षा दुखणं-त्रास कमी करण्यावर भर देणारी, टीम शोधायची असेल आणि कुठून सुरुवात करावी कळत नसेल, तर ‘साथ-साथ’ ही देशभरची टोल फ्री हेल्पलाइन आहे, १८००-२०२-७७७७. जवळचं केंद्र त्यांना विचारा.

इंद्रायणीकाठ

ताई, मॉर्फिनबद्दल विचारायचं होतं. आमच्याकडे चिठ्ठी दिली आहे, पण गल्लीतला केमिस्ट म्हणतो असलं ठेवतच नाही. आणि नातेवाईक म्हणतात एकदा मॉर्फिन सुरू झालं की माणूस गुंगीतच जातो. पेशंटचं वजन ४५ किलो, दिवसातून चार वेळा ट्रामाडॉल ही दुखण्याची गोळी चालू आहे, रात्री तरीही कण्हतात.

खलबत्ता

केमिस्ट खरं बोलतोय. मॉर्फिन एनडीपीएस, म्हणजे मादक औषधांच्या कायद्याखाली येतं. २०१४च्या दुरुस्तीने मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोनसारख्या सहा औषधांचा ‘अत्यावश्यक मादक औषधं’ असा गट केला आणि ‘मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था’ ही व्यवस्था आणली. बहुधा अशी मान्यता असलेल्या रुग्णालयातून किंवा केंद्रातूनच गोळी मिळते. म्हणून चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा, साठा कुठे आहे. कॅन्सर रुग्णालयं, पॅलिएटिव्ह केंद्रं, काही वैद्यकीय महाविद्यालयं. संपायला चार दिवस उरले की पुढची चिठ्ठी घ्यायला निघा. शनिवारी संध्याकाळी संपलेलं मॉर्फिन सोमवारपर्यंत मिळत नाही.

गोळ्या कुलपात ठेवा आणि एका वहीत शिल्लक लिहा: तारीख, वेळ, दिली किती, उरली किती. प्रवासात असाल तर चिठ्ठी आणि डिस्चार्ज कार्ड सोबत ठेवा.

ट्रामाडॉलची रोजची कमाल मात्रा साधारण ४०० मिग्रॅ आहे. त्यापुढे वाढवून दुखणं कमी होत नाही, झटक्यांचा धोका मात्र वाढतो. ४०० वर पोचूनही कण्हणं चालू असेल तर ट्रामाडॉल थांबवून मॉर्फिनवर जायचं असतं, दोन्ही एकत्र रेटायचं नसतं.

डॉ_पळसदरी

खलबत्ता यांनी लिहिलंय ते बरोबर. मात्रेचं सांगतो, पण तुमच्या पेशंटची मात्रा त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायची.

साधी मॉर्फिन गोळी सुमारे चार तास काम करते. म्हणून ती ‘दुखलं तर’ द्यायची गोळी नाही, घड्याळाची गोळी आहे. सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १०. रात्री १०ला बहुधा दुप्पट मात्रा देतात, म्हणजे २ वाजता उठवावं लागत नाही. सुरुवात साधारण ५ ते १० मिग्रॅने होते. अशक्त, वृद्ध किंवा किडनी कमी चालणाऱ्या पेशंटमध्ये २.५ ते ५ मिग्रॅ आणि अंतरही वाढवतात. मध्येच दुखलं तर तेवढीच एक जादा मात्रा द्यायची, आणि त्यामुळे पुढची वेळेवरची मात्रा चुकवायची नाही. दिवसाला तीनपेक्षा जास्त वेळा जादा मात्रा लागायला लागली तर मूळ मात्रा कमी पडते आहे. वही दाखवा, डॉक्टर वाढवतील.

गुंगीबद्दल. पहिले दोन-तीन दिवस झोप येते. त्यातली बरीचशी आधीच्या अनेक रात्री झोप न झाल्याची असते. मग ती उतरते. मळमळही पहिल्या आठवड्यात असते, त्यासाठी सुरुवातीला उलटीचं औषध सोबत देतात. बद्धकोष्ठ मात्र कधीच उतरत नाही. म्हणून मॉर्फिनच्या पहिल्या गोळीबरोबरच पोट साफ होण्याचं औषध सुरू व्हायला हवं: बिसाकोडिल किंवा सेना रात्री, गरज पडेल तसं लॅक्ट्युलोज. इसबगोल देऊ नका. ते फुगायला भरपूर पाणी लागतं, आणि हा पेशंट दिवसाला चार-पाच वाट्याच पाणी पितो. इसबगोल आतच घट्ट बसतं.

एक फसवी गोष्ट. तीन-चार दिवस संडास नाही आणि मग अचानक थोडं थोडं पातळ होऊ लागतं. घरचे जुलाब समजून ते थांबवणारं लोपेरामाइड देतात. बऱ्याचदा आत खडा अडकलेला असतो आणि पातळ मल त्याच्या बाजूने झिरपत असतो. अशा वेळी नर्सने गुदद्वाराची तपासणी करून एनिमा द्यायचा असतो. अचानक बेचैनी, गोंधळ, कपडे ओढणं सुरू झालं तरी झोपेचं औषध देण्याआधी दोन गोष्टी बघा: लघवी तुंबली आहे का, संडास अडकली आहे का.

सावध व्हायची लक्षणं: हाका मारूनही डोळे न उघडणं, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी, अंगाला सारखे बारीक झटके. झटके बहुधा किडनी कमी पडते आहे म्हणून येतात. पुढचा डोस थांबवून फोन करा.

व्यसनाची भीती या टप्प्यावर ठेवू नका. आणि मॉर्फिनने मरण लवकर येतं हेही खरं नाही. नीट मोजून दिलेलं मॉर्फिन दमही कमी करतं, त्यासाठी मात्रा दुखण्यापेक्षा कमी लागते.

सॅनहोजेकर

फेंटॅनिलचा पॅच, म्हणजे कातडीवर चिकटवायची औषधाची पट्टी, चांगला नाही का? गिळायची कटकट नाही. इथून आम्ही तोच सुचवत होतो.

डॉ_पळसदरी

दुखणं स्थिर असेल आणि गिळता येत नसेल तर चांगला. दुखणं रोज बदलत असेल तर नाही, कारण पॅच लावल्यावर पूर्ण परिणामाला १२ ते २४ तास लागतात आणि काढल्यावर उतरायलाही तेवढेच किंवा जास्त. पहिल्या दिवशी गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. २५ मायक्रोग्रॅमचा पॅच हा दिवसाला साधारण ६० ते ९० मिग्रॅ तोंडाने घेतलेल्या मॉर्फिनइतका पडतो. आधी मॉर्फिन न घेतलेल्या ४५ किलोच्या माणसाला थेट तो लावणं धोक्याचं आहे.

पॅच ७२ तासांनी बदलायचा. त्यावर पेनने तारीख-वेळ लिहा. जुना काढल्याशिवाय नवा लावायचा नाही, जागा बदलायची, केस असतील तर कात्रीने कापा, वस्तऱ्याने नाही. साबण, तेल लावू नका. पॅच कापायचा नाही. शेकण्याची पिशवी, उन्हात बसणं, तापात अंग तापणं, या सगळ्यांनी औषध जास्त शोषलं जातं. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात हे लक्षात ठेवा. काढलेला पॅच चिकट बाजू आत दुमडून टाका, त्यात औषध उरलेलं असतं, घरातल्या लहान मुलाच्या हाती लागू नये.

गिळणं पूर्ण थांबलं की आणखी एक वाट आहे, त्वचेखाली. मांडी, पोट किंवा दंडाच्या कातडीखाली बारीक कॅन्युला चिकटवून ठेवतात, त्यातून मॉर्फिन, उलटी-बेचैनीसाठीचं हॅलोपेरिडॉल, लाळ कमी करणारं ग्लायकोपायरोलेट देता येतं. मात्रा तोंडाच्या साधारण निम्मी ते एक तृतीयांश. शीर शोधत बसावं लागत नाही. नर्सने एकदा लावून दाखवलं की घरचा माणूस सिरिंजने औषध देऊ शकतो. जागा लाल झाली, सुजली की, नाहीतर तीन दिवसांनी, बदलतात.

रात्रपाळी

आता पाठ आणि टाचा. बेडसोर उपचाराने बरा होणं या टप्प्यावर कठीण, म्हणून तो होऊ न देणं हेच काम.

दर दोन तासांनी कूस. सरळ ९० अंशाच्या कुशीवर झोपवलं तर सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीमागे उशी खोचून ३० अंश कलवा. गुडघ्यांमध्ये उशी. पोटऱ्यांखाली उशी अशी की टाच हवेत राहील. डोक्याकडची बाजू जेवणाव्यतिरिक्त ३० अंशांपेक्षा वर ठेवली की माणूस खाली घसरतो आणि माकडहाडावरची कातडी आतल्या आत फाटते. वर सरकवताना काखेत हात घालून ओढू नका. कमरेखाली आडवी दुमडलेली चादर, दोन बाजूंनी दोन माणसं, चादर गुंडाळून मुठीत, एक-दोन-तीन म्हणत उचलून सरकवा. एकट्याने करू नका. पेशंटची कातडी जाते आणि तुमची कंबर.

लाल दिसणाऱ्या जागेवर बोट दाबून सोडा. पांढरी होऊन पुन्हा लाल झाली तर अजून वेळ आहे. लालच राहिली तर ती पहिली पायरी आहे, त्या जागेवर आता अजिबात भार नको. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे हात लावून गरम, कडक किंवा पिठासारखं मऊ लागतंय का बघा. त्या जागेला चोळायचं नाही, स्पिरिट नाही, पावडर नाही. आणि मधे भोक असलेली रबरी रिंग घेऊ नका. ती कडेने रक्तपुरवठा दाबते.

पाच_फूट_पलंग

भाड्याच्या सामानाबद्दल माझ्याकडून. एअर मॅट्रेस दोन प्रकारची असते: बुडबुड्यांची आणि आडव्या नळ्यांची. वजनदार किंवा पूर्ण झोपून असलेल्या पेशंटला नळ्यांची घ्या. ती साध्या गादीवर टाकायची, पंप पायाकडे अडकवायचा, नॉब पेशंटच्या वजनावर लावायचा. कडक लावली की आराम वाटेल म्हणून नॉब पूर्ण फिरवतात. त्याने फायदाच जातो. तपासायचं असं: गादीखाली, माकडहाडाच्या बरोबर खाली तळहात वर करून घाला. हाडाचा दाब थेट हाताला लागला तर हवा कमी आहे. साधारण एक इंच फुगलेली गादी मधे हवी. वर एकच सैल सुती चादर. जाड रबर शीट, त्यावर गोधडी, त्यावर दोन अंडरपॅड असं केलं तर पंप चालवण्यात अर्थ नाही. आणि एअर मॅट्रेस असली तरी कूस बदलावीच लागते, अंतर थोडं वाढेल इतकंच.

पलंग फाऊलर घ्या, म्हणजे डोक्याकडून आणि गुडघ्याकडून दोन्ही वळतो. डिलिव्हरी घेताना दोन्ही हँडल फिरवून बघा, चारी चाकांचे ब्रेक लावून बघा, कठडे खाली पडत नाहीत ना बघा. जिन्यातून न चढणारे पलंग खूप असतात, वळणाची रुंदी मोजून सांगा.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं मशीन. ५ लिटरचं मशीन ३०० ते ३५० वॅट घेतं. लाइट गेली तर साध्या घरगुती इन्व्हर्टरवर, १५० अ‍ॅम्पियरची बॅटरी चांगली असेल तर, तीन-चार तास. त्यावर पंखे-टीव्ही चालू असतील तर कमी. म्हणून एक बी टाइप सिलिंडर भरून ठेवा. त्यात सुमारे १५०० लिटर असतो, मिनिटाला २ लिटर लावला तर साधारण १२ तास. सिलिंडरचा पाना सिलिंडरलाच बांधून ठेवा, रात्री तो सापडत नाही. ह्युमिडिफायरच्या बाटलीत डिस्टिल्ड पाणी, नळाचं नको. मागची जाळी आठवड्याला धुवा. देवघरातलं निरांजन, उदबत्ती, गॅस या खोलीत नको. ओठांना व्हॅसलीन लावत असाल तर ऑक्सिजन चालू असताना पाण्यात विरघळणारी जेली वापरा.

डॉ_पळसदरी

ऑक्सिजनबद्दल जोडतो. सॅच्युरेशन (ऑक्सिमीटरवरचा रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा) ९४ आहे आणि तरी दम लागतो, अशा पेशंटला नळीपेक्षा चेहऱ्यावर गालाच्या बाजूने येणारी पंख्याची झुळूक जास्त उपयोगी. हातातला छोटा पंखा सहा इंचावर धरा. उठवून समोर टेबल, त्यावर उशी, उशीवर हात टेकून पुढे झुकवा. खिडकी उघडा, खोलीतली गर्दी कमी करा. नाकात नळी घातली की तोंड सुकतं, माणूस बांधला जातो, आणि घरचे रात्रभर ऑक्सिमीटरच बघत बसतात. शेवटच्या दिवसांत ते बोटावरून काढून ठेवा. आकडा खाली जाणारच असतो.

सॅनहोजेकर

आई आठवड्यापासून दोन घासांवर आली आहे. भाऊ म्हणतो नाकातून जेवणाची नळी टाकू, नाहीतर रोज सलाइन. उपाशी ठेवतोय असं वाटतंय सगळ्यांना. निदान पोटातल्या कॅन्सरचं, यकृतात पसरलेला.

डॉ_पळसदरी

हा प्रश्न प्रत्येक घरात येतो आणि तो विचारला पाहिजे. आईंचं शरीर अन्न वापरणं थांबवत चाललं आहे, म्हणून भूक गेली आहे. भूक गेली म्हणून शरीर थांबतंय असं नाही. या टप्प्यावर घातलेलं अन्न पोटात पडून राहतं, वर येतं, श्वासनलिकेत जातं. सलाइनचंही तसंच. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन खाली गेलेलं असलं की दिलेलं पाणी शिरेत टिकत नाही, पायांत, पोटात आणि फुफ्फुसांत उतरतं. सूज, दम आणि घशातली घरघर वाढते.

नळीचा उपयोग कुठे होतो? तोंड-घशाच्या कॅन्सरमध्ये, जिथे भूक आहे, ताकद आहे, फक्त रस्ता बंद आहे. तिथे नळी जरूर. पोटात गाठ, यकृतात पसरलेली, झोप वाढलेली, अशा ठिकाणी नाही. वयोवृद्धांच्या शेवटच्या टप्प्यातल्या स्मृतिभ्रंशातही नळीने आयुष्य वाढत नाही किंवा फुफ्फुसात जाणं थांबत नाही. तिथे हाताने, वेळ देऊन, मागतील तेवढं भरवणं चांगलं.

काय द्यायचं? चमच्याने, पूर्ण जागं असताना, बसतं करून, हनुवटी किंचित खाली. मऊ पेज, दह्यातला भात गाळून, नाचणीची आंबील, आइस्क्रीम, बर्फाचा बारीक खडा. चव हवी म्हणून, उष्मांक हवेत म्हणून नाही. खोकला आला, आवाज ओला झाला की थांबा. तोंड कोरडं पडतं त्याला तहान समजतात. ते सलाइनने जात नाही, तोंडाच्या स्वच्छतेने जातं.

भावाशी डॉक्टरांचं बोलणं व्हिडिओ कॉलवर आधीच करून घ्या, आई शांत असताना. विमानतळावरून थेट खोलीत येणारा माणूस बदल एकदम बघतो आणि लगेच हॉस्पिटल म्हणतो, त्यात त्याचा दोष नाही. निर्णय कळवणारा एकच माणूस ठरवा, बाकीच्यांनी त्याच्याकडून घ्यायचं.

रात्रपाळी

तोंडाचं असं करायचं: एक ग्लास कोमट पाण्यात अर्धा छोटा चमचा खाण्याचा सोडा. लहान मुलांचा मऊ ब्रश किंवा बोटाला गुंडाळलेलं गॉज, दर दोन तासांनी, हिरड्या, गालाच्या आत, जिभेवर. कवळी रात्री काढून पाण्यात. न निघणारे पांढरे ठिपके दिसले आणि खाली लाल झालं असेल तर बुरशी आहे, क्लोट्रिमॅझोलचा माउथ पेंट लागतो. गिळता येत नसेल तर तोंडात ओतायचं नाही. ओल्या गॉजने टिपायचं. गंगाजल, तुळशीपत्र द्यायचं असेल तर ओठांना लावा. चमच्याने घशात सोडलेलं पाणी शेवटच्या तासांत श्वासातच जातं.

जेवणाची नळी असलेल्या घरांसाठी थोडक्यात. नाकाशी नळीवर मार्करने खूण करा आणि प्रत्येक वेळी ती जागेवर आहे का बघा. खूण बाहेर आली असेल तर काहीही घालायचं नाही. डोकं ३० ते ४५ अंश वर, नंतरही किमान अर्धा तास तसंच. एका वेळी २०० मिली, वीस मिनिटांत, सिरिंज उंच धरून आपोआप उतरू द्या, दाबू नका. आधी-नंतर ३० मिली पाणी. गोळ्या एकेक कुटून, दुधात मिसळून नाही. एसआर (औषध हळूहळू सोडणारी) लिहिलेली गोळी कुटायची नाही. बारा तासांचं औषध एकदम उतरतं. नळी तुंबते ती बहुधा न गाळलेल्या डाळीने आणि एकत्र कुटलेल्या गोळ्यांनी.

कॅथेटरची पिशवी पोटापेक्षा खाली पण जमिनीला न टेकता, दोन तृतीयांश भरली की रिकामी. नळी मांडीला चिकटवा. चार-सहा तास काहीच आलं नाही तर आधी नळी मुरगळली आहे का आणि संडास तुंबली आहे का बघा. साधी लॅटेक्सची दोन ते चार आठवड्यांत बदलतात, पूर्ण सिलिकॉनची जास्त टिकते.

वास येणाऱ्या जखमेसाठी: अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक सपाट छोटा चमचा मीठ, त्याने सिरिंजने धुवायचं, घासायचं नाही. मग मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्यांची बारीक पूड पसरून वर न चिकटणारी जाळी, वर गॉज. जुनं गॉज चिकटलं असेल तर त्याच पाण्याने भिजवून दहा मिनिटं थांबा, ओढलं की रक्त येतं. ड्रेसिंगच्या अर्धा ते पाऊण तास आधी मॉर्फिनची जादा मात्रा द्या. उघडी जखम दिवसा मच्छरदाणीत ठेवा. माश्या बसल्या की अळ्या होतात, आणि त्या काढायला टर्पेंटाइन आणि चिमटा घेऊन नर्सच लागते.

इंद्रायणीकाठ

घरघरीबद्दल तुम्ही वर लिहिलं होतं. ती नेमकी काय? आणि शेवट जवळ आला हे ओळखायचं कसं?

डॉ_पळसदरी

गिळण्याची आणि खोकण्याची ताकद जाते, त्यामुळे घशातली लाळ तिथेच राहते आणि श्वास तिच्यातून जातो. आवाज मोठा असतो, पण त्या वेळी पेशंट बहुधा जाणिवेत नसतो. त्याचं कपाळ बघा. आठ्या नाहीत, चेहरा सैल आहे, तर त्याला त्रास नाही. कुशीवर वळवा, डोकं थोडं वर, तोंड खालच्या बाजूला झुकू द्या. सलाइन चालू असेल तर बंद करा. ग्लायकोपायरोलेट किंवा हायोसिन ब्युटिलब्रोमाइड त्वचेखाली लवकर दिलं तर नवीन लाळ कमी होते, साचलेली जात नाही. सक्शन मशीन घेऊ नका. नळी तिथवर पोचत नाही, घसा सोलते आणि लाळ वाढवते.

इतर खुणा: दिवसाचा बहुतेक वेळ झोप, लघवी कमी आणि गडद, हातपाय गार, गुडघ्यांवर निळसर-जांभळे चट्टे, श्वासात मोठे खंड पडून पुन्हा जोरात सुरू होणं, जबडा हलवत श्वास. हे सगळं एका दिवसात किंवा चार दिवसांत होऊ शकतं. ऐकू बहुधा शेवटपर्यंत येतं असं धरून खोलीत बोला. मेंदूत गाठ असलेल्यांना झटक्याची शक्यता असते. त्यांच्यासाठी मिडाझोलमचा नाकात मारायचा स्प्रे आधीच आणून ठेवा, पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर डॉक्टरांनी लिहिलेल्या मात्रेत.

छातीत डिफिब्रिलेटर (हृदयाचे ठोके बिघडले की शॉक देणारं यंत्र) बसवलेला असेल तर तो आधीच कार्डिऑलॉजिस्टकडून बंद करून घ्या. नाहीतर शेवटच्या तासांत तो शॉक देत राहतो.

दप्तरी

कागदांचं मी सांगतो. घरी मृत्यू झाला तर उपचार करणाऱ्या नोंदणीकृत डॉक्टरांनी कारणाचं प्रमाणपत्र द्यायचं असतं, ते नमुना ४-अ. रुग्णालयातल्या मृत्यूसाठी नमुना ४ वेगळा. स्मशानभूमीत हाच कागद आणि मृताचं आधार मागतात. अडचण अशी की अलीकडे पेशंटला न पाहिलेला डॉक्टर सही करायला नकार देतो आणि मग पोलीस, पोस्टमॉर्टेम. म्हणून घरी आणल्याच्या आठवड्यातच जवळच्या एका फॅमिली डॉक्टरला बोलवून पेशंट दाखवा, डिस्चार्ज कार्ड दाखवा आणि थेट विचारा: रात्री याल का, न आलात तर सकाळी किती वाजता? रात्री अकराला गेलं तरी सकाळपर्यंत थांबता येतं, पोलिसांना कळवायची गरज नसते. महापालिका किंवा ग्रामपंचायतीत नोंद २१ दिवसांत. दाखल्याच्या आठ-दहा प्रती घ्या.

पेसमेकर असेल तर दहनाआधी काढावाच लागतो, तो तापून फुटतो. कुणाला बोलवायचं हे आधी ठरवा. नेत्रदान करायचं असेल तर सहा तासांच्या आत. पंखा बंद, डोळ्यांवर ओला कापूस, डोक्याखाली उशी. कॅन्सर असला तरी बहुतेकांचं चालतं, रक्ताच्या आणि डोळ्याच्या कॅन्सरमध्ये नाही.

कृत्रिम श्वास नको असं पेशंटला शुद्धीत असताना लिहून ठेवायचं असेल तर सुप्रीम कोर्टाने २०१८च्या निकालात ते मान्य केलं आहे आणि जानेवारी २०२३मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे सही. आधी लागणारी न्यायदंडाधिकाऱ्याची प्रतिसही आता नको. एक प्रत डॉक्टरांना द्या, एक रात्रीच्या डब्यात.

सॅनहोजेकर

घरात माणूसच कमी असेल तर? आई पुण्यात, सोबत फक्त वडील, वय ८१.

रात्रपाळी

दादा, तर दोन वाटा. एक, ब्युरोची, म्हणजे घरी माणसं पुरवणाऱ्या संस्थेची बाई. २४ तासांची एकच ठेवली तर तिलाही रात्री झोप लागणार, दोन तासांनी कूस ती बदलू शकणार नाही. बारा-बारा तासांच्या दोघी घ्या, निदान शेवटच्या पंधरवड्यात. ब्युरोतली मावशी आणि नर्स वेगळ्या. इंजेक्शन, नळी टाकणं, कॅथेटर ही कामं नोंदणी असलेल्या जीएनएम किंवा एएनएम शिकलेल्या नर्सचीच, नोंदणीची प्रत मागा. कामं कागदावर लिहून भिंतीला लावा, वहीत रकाने पाडा: वेळ, औषध, कूस, लघवी, संडास, दुखणं ० ते १०. मॉर्फिनचं कुलूप वडिलांकडे.

दुसरी वाट हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या आजारात राहून सेवा मिळते ते केंद्र. पुण्यात वारजे इथलं सिप्ला पॅलिएटिव्ह केंद्र १९९७पासून आहे, सेवा मोफत, कॅन्सरच्या पेशंटसोबत घरचं एक माणूस राहतं. दुखणं आटोक्यात आणून, घरच्यांना शिकवून परत घरी पाठवतात, त्यामुळे तिथे जाणं म्हणजे शेवटचंच जाणं असं धरू नका. मुंबईत वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६चं, देशातलं पहिलं हॉस्पिस. त्यांची गोव्यात लोटलीलाही शाखा आहे. तिथे वाढलेल्या कॅन्सरचेच पेशंट घेतात, कॅन्सरच्या डॉक्टरांचं पत्र लागतं. टाटा मेमोरियलची घरी येणारी टीम मुंबईत त्यांच्याच पेशंटना भेट देते. किडनी, हृदय, फुफ्फुस, स्मृतिभ्रंश यांच्या पेशंटना जागा कमी आहेत, आणि हे खरंच बदलायला हवं. त्यांनी हेल्पलाइनवर विचारा.

वडिलांचीही औषधं, जेवण, झोप त्याच वहीत लिहायला लावा.

इंद्रायणीकाठ

चिठ्ठी घेऊन केंद्रात जाऊन आलो, गोळ्या मिळाल्या. शेवटचा प्रश्न, नंतर उरल्या तर काय करायचं?

खलबत्ता

जिथून घेतल्या तिथेच वहीसकट परत द्या, पोच घ्या. दुसऱ्या पेशंटला परस्पर देऊ नका, कितीही गरज दिसली तरी. न वापरलेले पॅचही तसेच परत. डायपर, अंडरपॅड, न उघडलेली कॅथेटरं मात्र केंद्राला विचारून देऊन टाका, त्यांना रोज लागतात.